आत्या पाणी प्यायला न्यायची

“चल गो, पानी पिऊ.”

एवढंच म्हणायची ती. आवाज चढवायची नाही, डोळे वटारायची नाही. चिखलाचा हात खांद्यावर ठेवायची, जशी काही खरंच तिलाच तहान लागली आहे. पण आमच्या टोळीत जिच्या वाट्याला हे शब्द यायचे तिचं हातातलं काम तिथेच थांबायचं. बांधाच्या टोकाला भेंडीच्या झाडाखाली पाण्याचं मडकं असायचं. तिथे नेऊन आत्या काय सांगते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आपलं काय चुकलं, ते सांगते.

तिचं नाव मी लिहीत नाही. तशीही तिला नावाने कोणी हाक मारत नसे. साऱ्या गावाची ती आत्या. तिच्याहून वयाने मोठ्या बायासुद्धा तिला आत्या म्हणायच्या आणि ती खुशाल ‘ओ’ द्यायची. अंगाने बुटकी, रंग खाडीच्या मातीसारखा, लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट खोचलेलं, आणि चाल अशी की मागून बघणाऱ्याला वाटावं ही कुणाशी तरी भांडायला निघाली आहे. भांडताना मात्र मी तिला कधी पाहिली नाही. अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. नसेल तर माझ्या डोळ्यांनी बघा.

आमचं गाव अलिबागच्या वरच्या अंगाला, खाडीला लागून. आमची भातशेतं भरतीच्या पाण्याहून खाली, आणि खाडीच्या आणि शेताच्या मधे काय तो मातीचा एक मोठा बांध. बांध आहे तोवर भात आहे. त्या बांधाला भगदाड पडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग ती जमीन दोन-तीन पावसाळे नुसती पांढरी पडून राहते, गवतसुद्धा नीट उगवत नाही. मी सांगते ते साल एकोणीसशे तीसच्या पुढचं असावं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आदल्या वर्षीच आमच्या बांधाला खांड पडली होती. गावातले निम्मे पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. उरलेल्यांतले बरेच मिठागरावर. म्हणून खांड बुजवायचं काम आमच्या बायांच्या टोळीवर आलं, आणि टोळीची मुकादम आत्या.

पारावरचे म्हातारे हसायचे. “बायांनी बांधलेली खांड? पयल्या उधानाला बघू.” उधाण म्हणजे अमावास्या-पुनवेची मोठी भरती. आमच्याकडे सगळ्या बांधांची परीक्षा तीच घेते.

काम असं चालायचं. ओहोटी लागली की चिकणमाती फावड्याने कापायची, उशीएवढ्या ढेपा करायच्या, रांगेत उभं राहून त्या एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायच्या. शेवटची बाई ढेप बसवायची आणि पायाने तुडवायची. आत्या मागून यायची आणि बसवलेल्या ढेपेत अंगठा दाबायची. पहिल्या पेरापर्यंत गेला तर ठीक. मुळापर्यंत गेला तर, मग काय, पाणी.

माझं पहिलं पाणी मला अजून आठवतं. मी नवी होते, अंगात जोर होता आणि तो जोर दाखवायची हौसही होती. मी ढेपा अशा भराभरा पुढे सारत होते की रांगेतल्या साऱ्या जणी माझ्याकडे बघाव्यात. तिसऱ्या दिवशी खांद्यावर हात पडला.

“चल गो, पानी पिऊ.”

भेंडीखाली तिने स्वतः मडक्यातून पाणी काढलं, आधी मला दिलं. मी घटाघटा प्यायले. मग ती म्हणाली, “तुजा हात जलद हाय. मी इतक्या वर्सांत असा हात नाय बगितला.”

मी खूश झाले. मला वाटलं, पाणी म्हणजे काही वाईटच असतं असं नाही.

“तुज्या म्होरं कोन हाय?”

“चांगुणा.”

“तिचं मनगट बग जरा. सुजलंय. तू जवा दोन देतीस तवा ती एक झेलते आनि दुसरी खाली पडते. पडलेली ढेप फुटते. फुटलेली ढेप ती तशीच म्होरं देते, कारन तुजी तिसरी आलेली असते.” तिने स्वतःसाठी पाणी काढलं. “आता सांग, काय करूया?”

मला रडू आलं. ती म्हणाली, “रड. पन मडक्यात नको, पानी खारं व्हईल.” मला हसू फुटलं. मग मीच म्हटलं, मी चांगुणाच्या मागे नको, माती कापायला जाते, तिथे जोर लागतो. ती म्हणाली, “बग, तुलाच सुचलं.” परत आलो तेव्हा तिने या गोष्टीचा एक शब्दही कोणापुढे काढला नाही. त्या दिवशीच नाही, पुढे कधीच नाही.

चूक सांगायची ती अशी झाडाखाली. चांगलं मात्र साऱ्या खाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायची. “या गो या, सोनीची ढेप बगा! तांदलाच्या भाकरीवानी गोल गरगरीत!” सोनी लाजेने तोंड लपवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ढेपा आणखी गोल व्हायच्या. चांगुणा म्हणायची, “आत्या, एवढी वरडू नको, त्या होड्यांवरचे लोक समजतील आमी भाकऱ्या थापतोय.”

ही चांगुणा म्हणजे आमच्या टोळीतली तिखट जीभ. मनगट सुजलेलं, पण जीभ कधी सुजली नाही. तिला एकदा आत्याने बोलावलं तेव्हा ती म्हणाली, “मना तहान नाय.”

सगळी रांग थांबली. असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आत्या म्हणाली, “बरं. मग मना पन नाय.” आणि कामाला लागली. फाल्गुनातलं ऊन ते, डोक्यावर पदर भिजवून घेतला तरी पळात वाळायचा. सकाळ उलटून गेली. चांगुणा पाणी पिईना, आत्याही पिईना. आम्ही पिऊन येत होतो आणि चोरट्यासारख्या तोंड पुसत होतो. शेवटी चांगुणानेच फावडं फेकलं, मडकंच उचलून आणलं आणि आत्याच्या पुढे आदळलं.

“पी बाय, पी! मरशील तर मुकादम कोन व्हईल? मी? हे लोक मना खातील!”

दोघी तिथेच बसल्या, प्यायल्या, आणि चांगुणाने जे ऐकायचं होतं ते ऐकून घेतलं. काय ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्यानंतर ती रांगेत एकीलाही टाकून बोलली नाही. निदान आठवडाभर तरी.

आत्याचा नवरा गोदीत होता. शिमग्याला घरी आला आणि ओटीवर बसून मुंबईच्या बढाया मारू लागला. घराचं छप्पर एका अंगाला खचलेलं, आणि हा बोटींच्या गोष्टी सांगतो आहे. आत्या दारात आली आणि म्हणाली, “चला, पानी पिऊ.” आळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. बिचाऱ्याला अर्थ ठाऊक नव्हता, तो म्हणाला, “हितंच आन की.” दुसऱ्या दिवशी तो छपरावर चढलेला दिसला. आम्ही खालून जाताना चांगुणा ओरडली, “काय भाऊजी, पानी गोड होतं का?”

हसत हसत दिवस गेले असं वाटेल तुम्हाला. पण खांड बुजत आली तशी आत्या बोलायची कमी झाली होती. भांग म्हणतात ते दिवस, अष्टमीच्या आसपास भरती मवाळ असते. त्याच दिवसांत खांडीचं तोंड मिटवायचं असतं. मिटवलं आम्ही. चैत्रातली वद्य नवमी होती. दोन्ही बाजूंनी आलेला बांध मधे मिळाला आणि आम्ही सगळ्या जणींनी चिखलातच उड्या मारल्या. त्या दिवशी आत्या नुसती बघत उभी होती.

आमच्याकडे रिवाज असा. खांड मिटली की जमिनीचा मालक येतो, बांधावर नारळ फोडतो. नारळ फुटला की त्या बांधावर पावसाळ्यापर्यंत कोणी फावडं चालवायचं नाही. तो बांध मग देवाचा झाला. दुसऱ्या दिवशी, दशमीला, मालक येणार होते. त्यांचे दिवाणजी आदल्या दिवशीच येऊन सांगून गेले होते, बांध झाडूनपुसून ठेवा, मालकांच्या धोतराला डाग लागता कामा नये. चिखलाच्या बांधावर धोतराला डाग लागता कामा नये!

तर दशमीच्या सकाळी आम्ही बांधाचा उतार हाताने सारवत होतो. मी पूर्वेच्या टोकाला होते, जिथे नवा बांध जुन्याला जोडला होता. खाडीच्या अंगाला एक खेकडा दिसला. चांगला तळहाताएवढा, आणि त्याला नांगी एकच. दुसरी कुठल्या तरी भांडणात गेलेली. मला बघून तो बांधाच्या बुडाशी एका बिळात शिरला. मी म्हटलं, जाऊ दे. पाटी आणायला म्हणून मी बांध चढून शेताच्या अंगाला उतरले. पाटी उचलते तो काय, बांधाच्या त्या बाजूने, खालच्या अंगाने तोच खेकडा बाहेर आला. तीच एक नांगी वर करून माझ्याकडे बघत राहिला.

मी पाटी तिथेच टाकली.

तुम्हाला शेती ठाऊक नसेल तर सांगते. खेकडा या बाजूने शिरून त्या बाजूने निघाला, म्हणजे बांधातून आरपार वाट आहे. भांगाची भरती तिथवर चढत नाही, म्हणून कळलं नाही. उधाणाचं पाणी चढलं की ते त्या वाटेने घुसतं, आणि बोटाएवढं भोकसुद्धा दोन घटकांत बैलगाडी जाईल एवढं होतं.

आणि ते टोक तपासलं होतं कोणी? आत्याने स्वतः. नवा बांध जोडायच्या आधी जुन्या बांधाचं तोंड खरवडून घ्यायचं असतं, एकही बीळ दिसेनासं होईपर्यंत. पश्चिमेचं टोक तिने आमच्याकडून दोनदा खरवडून घेतलं. पूर्वेचं तिने एकटीने पाहिलं, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पुरती लागायच्या आधी, बुडाशी पाणी असताना. आणि म्हणाली होती, “चालेल.”

मी चांगुणाला हळूच सांगितलं. ती म्हणाली, “गप. मालक येतायत. आनि आत्याची चूक काडनारी तू कोन?”

मी कोण, हे मला पण कळत नव्हतं. अठरा वर्षांची सून. पण गप्प बसवेना. मी आत्याकडे गेले. ती मालकांसाठी पाट मांडत होती. मग माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला आणि मी म्हटलं,

“आत्या, चला, पानी पिऊ.”

बाई गं! साऱ्या टोळीचे हात जिथल्या तिथे थांबले. सोनीने तर डोळे मिटून घेतले. आत्याने माझ्याकडे वळून पाहिलं. तो क्षण मला फार मोठा वाटला. मग तिने हातातला पाट खाली ठेवला आणि म्हणाली, “चल.”

भेंडीखाली मी तिला पाणी काढून दिलं. घाईत निम्मं सांडलं. तिने शिकवलं तसंच बोलायला गेले. म्हटलं, “आत्या, तुमी बांदलेला बांद लय भारी हाय.”

“ते ऱ्हाऊ दे. काय बगितलंस?”

मी सांगितलं.

“तोच खेकडा कशावरनं?”

“त्याला एकच नांगी होती, आत्या.”

ती हसली नाही. उठली, तडक पूर्वेच्या टोकाला गेली, शेताच्या अंगाला पालथी पडली आणि बिळात हात घातला. पार खांद्यापर्यंत गेला. हात बाहेर काढून तिने चिखल लुगड्याला पुसला. मग मला म्हणाली, “बरं केलंस.” एवढंच. पण तिने असं म्हटल्यावर मला जे वाटलं ते पुढे कधी कुठल्या कौतुकाने वाटलं नाही.

तेवढ्यात मालक आलेच. घोडागाडी लांब उभी करून पायी आले, मागून दिवाणजी, हातात पूजेचं ताट. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढे मान वर करून बोलायची आमच्याकडे कोणाची पद्धत नव्हती. म्हातारे लांब हात बांधून उभे. मालकांनी टोपी सारखी केली, नारळ हातात घेतला.

आत्या पुढे झाली. “मालक, जरा बोलायचं होतं. तिकडं, झाडाखाली.”

दिवाणजी म्हणाले, “नंतर. मुहूर्त टळतो आहे.”

“नंतर नाय चालायचं. नारल फुटायच्या आदी.”

“तुला सांगितलं ना नंतर? बाजूला हो.”

मी तिच्या मागेच होते. तिचे खांदे एकदा वर गेले, खाली आले. मग तिने असा आवाज काढला, जो ती फक्त सोनीच्या ढेपांसाठी काढायची. साऱ्या बांधाला ऐकू गेला.

“मालक, नारल फोडू नका. बांद झाला नाय.”

दिवाणजींचं तोंड उघडं राहिलं. मालक म्हणाले, “झाला नाही म्हणजे? काल तर मिटला म्हणून निरोप आला.”

“मिटला. पन पूर्वेच्या जोडात खेकड्याची वाट ऱ्हायली, आरपार. ते टोक मी तपासलं होतं. चूक माज्या बायांची नाय. माजी हाय.”

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, “बोललो नवतो मी?” दिवाणजींनी लगेच संधी साधली. “खेकडे काय, सगळ्याच बांधांना असतात. अमावास्या पाच दिवसांवर आली आहे. आता जोड उकरला आणि पुन्हा मिटला नाही तर? आहे तोही बांध जाईल. जबाबदारी कोण घेणार, ही बाई?”

दिवाणजी चुकीचं बोलत नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. उकरणं म्हणजे जुगारच होता. भरती रोज वाढत जाणार. आणि बांध पडला असता तर नाव आत्याचंच झालं असतं, जन्मभर.

आत्या म्हणाली, “मी घेनार.” आणि पुढचं बोलली ते मालकांकडे बघून नाही, आमच्याकडे बघून.

“गेल्या साली खांड पडली ती एका रातीत नाय पडली. आदी आठ दिस बांद गळत होता. मी सोता बगितलं होतं. आनकीही दोगी-तिगींनी बगितलं होतं. पन तवाचा मुकादम आमच्या पायावर ढेपा फेकायचा, चार लोकांत आयबापावरनं बोलायचा. मी म्हटलं, कशाला सांगू? वरडेल. मी गप ऱ्हायले. मालक, तुमचं शेत गेलं, माजं गेलं, समद्यांचं गेलं. आज या पोरीने माजीच चूक मना सांगितली. आता मी गप ऱ्हायले, तर परत कोन कोनाला सांगल?”

चांगुणाचा हात माझ्या हातात कधी आला ते मला कळलं नाही. खूप घट्ट होता. त्या दोघी-तिघींत तीही होती, हे मला तेव्हा कळलं.

मालक म्हणाले, “वाट आरपार आहे कशावरून?”

आत्याने दिवाणजींच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. “त्यातलं कुंकू द्या.”

“पूजेचं कुंकू?” दिवाणजी मागे सरले.

“द्या तिला,” मालक म्हणाले.

तिने सगळं कुंकू पाण्याच्या कळशीत कालवलं. खाडीच्या अंगाला उतरली आणि बिळात कळशी ओतू लागली. आम्ही सगळे शेताच्या अंगाला, मालक, दिवाणजी, म्हातारे, वाकून उभे. मातीवर काहीच नाही. दिवाणजी म्हणाले, “बघा, उगाच...” आणि त्यांच्या पायाशी लाल धार आली. बारीक, मग जाड. त्यांच्या वहाणा लाल झाल्या. आणि पाण्याबरोबर तो एक नांगीचा खेकडा, भिजून लाल झालेला, तणतणत बाहेर आला. दिवाणजी दोन हात मागे उडाले. आधी चांगुणा हसली, मग आम्ही, मग म्हातारे, आणि शेवटी मालकही.

मालकांनी नारळ ताटात ठेवला. “बाई, किती दिवस लागतील?”

“चार. टोळीला इचारते.” आणि तिने खरंच विचारलं. “काय गो? व्हईल?”

आम्ही काय म्हटलं ते वेगळं सांगायला नको. म्हटलं नाही, ओरडलो.

पहिल्यांदा तिने खाडीच्या अंगाला चंद्रकोरीसारखा एक तात्पुरता आडबांध घालून घेतला, म्हणजे रोजची भरती उकरलेल्या जागी येऊ नये. मग जोड उकरला. आत काय निघालं म्हणून सांगू! एक वाट नव्हे, सारी आळीच. बोगद्याला बोगदे. खेकडे पाटीभर निघाले, त्यांचं कालवण मी केलं आणि साऱ्या टोळीने ओरपलं. एक नांगीवाल्याला मात्र कोणी हात लावला नाही. सोनी म्हणाली, “त्याला मुकादम करा.”

त्या चार दिवसांत आत्याने एक नवीन गोष्ट केली. बसवलेल्या प्रत्येक ढेपेत तिने अंगठा दाबला की शेजारच्या बाईलाही दाबायला लावायची. “माजा अंगठा चुकतो, ते बगितलंत ना? तुमी पन दाबा.” दुसऱ्या दिवशी पारावरचे म्हातारे खाली उतरले, रांगेत उभे राहिले. त्यातला ‘बोललो नवतो मी’ म्हणणारा सर्वांत पुढे. तिसऱ्या दिवशी ढेपा पुढे सरकवणाऱ्यांच्या पायांत मला लाल वहाणा दिसल्या. दिवाणजी! धोतर वर खोचून. त्यांच्या हातून ढेप सटकली तेव्हा आत्या त्यांच्यापाशी गेली. साऱ्या जणी श्वास धरून. आत्या म्हणाली, “दिवानजी, चला, पानी पिऊ.” आणि ते गेले. परत आले ते गुडघे वाकवून ढेप कशी धरायची ते शिकून.

चतुर्दशीच्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी, जोड मिटला.

अमावास्येचं उधाण दुपारी असतं. सारं गाव बांधावर. मालकही आले. पाणी चढत आलं तसं बोलणं थांबत गेलं. आडबांध बुडाला. पाणी जोडाला लागलं, अंगठ्यांच्या खुणा एकेक करून पाण्याखाली गेल्या. बांधाच्या माथ्याला हातभर राहिलं तेव्हा पाणी थांबलं. खाडी काठोकाठ भरलेली, पलीकडच्या तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. शेताच्या अंगाला आम्ही एकेक जण मातीला तळवा लावून बघत होतो. कोरडी. इथे कोरडी, तिथे कोरडी. सोनी पळत पळत टोकापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, “कोरडा! समदा कोरडा!”

मग जो गलका झाला! म्हातारे नाचले. चांगुणाने दिवाणजींना मिठी मारली असती, ते वेळेवर सरकले. मालकांनी नारळ आणला आणि आत्याच्या हातात दिला. “तू फोड.” आमच्याकडे तोवर बाईने कधी बांधाचा नारळ फोडला नव्हता. एका घावात फोडला तिने. अर्धं पाणी खाडीला दिलं, अर्धं शेताला.

पुढे दोन पावसाळ्यांनी माती गोड झाली आणि त्या शेतांत भात उभा राहिला. बांधाची देखरेख बायांच्या टोळीकडेच राहिली, पुष्कळ वर्षं. आत्या म्हातारी झाली, थकली, एका श्रावणात गेली. टोळीची मुकादम मी झाले. लोक मला विचारतात, आत्या दिसायला कशी होती? फोटो नाही तिचा. पण मला ती नेहमी दिसते ती त्याच दुपारची.

नारळ फोडून झाल्यावर लोक पांगले, काही नाचत होते, काही गूळखोबरं वाटत होते. आत्या कुठे दिसेना. शोधत गेले तर पूर्वेच्या जोडावर, नेमकी त्या जागी, ती बसली होती. पाय शेताच्या कोरड्या उतारावर सोडलेले, पाठीमागे हातभर अंतरावर काठोकाठ भरलेली खाडी. मान कलंडलेली, तोंड उघडं, आणि चक्क घोरत होती. पाच दिवसांची झोप. दिवाणजी काहीतरी सांगायला मोठ्याने हाका मारत आले, तर चांगुणाने त्यांना दोन्ही हातांनी अडवलं.

“हलू बोला,” ती म्हणाली. “पानी थांबलंय न्हवं का? तुमी पन थांबा.”